फाल्गुनराव आमच्या चाळीत

गेल्या दिवाळीच्या आधी आईच्या घरचा माळा आवरायला काढला. माझं माहेर लालबागचं. आमची चाळ आता पुनर्विकासाला जायची आहे, त्यामुळे या वेळची आवराआवर नेहमीची झाडझटक नव्हती. काय न्यायचं आणि काय टाकायचं ते एकदाचं ठरवायचं होतं. तांब्याचं घंगाळ, मोडका पाळणा, बाबांच्या युनियनच्या पावत्या असं एकेक खाली येता येता बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा हाताला लागला. आत दोन कॅसेटी. वर बाबांच्या वळणदार अक्षरात लिहिलेलं, ‘सं. संशयकल्लोळ, १९८१’.

भाऊ म्हणाला, “टाक गं. आता कॅसेट वाजवायला यंत्र तरी कुठाय?”

आई खाली मेथी निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, “त्या टाकायच्या नाहीत.”

बस्स, एवढंच. पण तिच्या आवाजात असं काहीतरी होतं, की भावाने डबा गुपचूप माझ्या पिशवीत ठेवला.

मैत्रिणींनो, या कॅसेटींची गोष्ट सांगण्याआधी त्या नाटकाची सांगायला हवी. आपल्यापैकी अनेकींनी त्यातली पदं रेडिओवर ऐकलेली असतात, पण अख्खं नाटक पाहिलेल्या थोड्याच. गोविंद बल्लाळ देवल म्हटलं की आपल्याला ‘शारदा’ आठवते, म्हाताऱ्याशी लग्न लावून दिल्या जाणाऱ्या पोरीची कथा. त्याच देवलांनी १८९३ साली एक गद्य प्रहसन लिहिलं होतं, ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’. मूळ कल्पना फ्रेंच नाटककार मोलिएरची, १६६० सालची. ती इंग्रजीत नेली आर्थर मर्फीने, १७६१ साली. देवलांनी ती अशी मराठी करून टाकली, की परकी म्हणून कुणी ओळखू नये. नावंसुद्धा पंचांगातून उचलली. पुरुष मंडळी महिन्यांची, म्हणजे फाल्गुनराव, अश्विनशेठ, वैशाखशेठ, आणि नोकर भादव्या. बायका नक्षत्रांच्या, म्हणजे कृत्तिका, रेवती, रोहिणी. पुढे देवलांनीच त्याचं संगीत नाटक केलं. १९१६ साली देवल वारले आणि त्याच वर्षी गंधर्व नाटक मंडळीने ‘संगीत संशयकल्लोळ’ रंगभूमीवर आणलं. बालगंधर्वांची रेवती आणि गणपतराव बोडसांचा फाल्गुनराव. त्या दोघांची नावं जुनी माणसं अजून एका दमात घेतात.

कथा एवढीशीच. रेवतीला भर रस्त्यात भोवळ येते, फाल्गुनराव तिला सावरतात आणि नेमकं ते त्यांची बायको कृत्तिका पाहते. त्या गडबडीत रेवतीजवळची अश्विनशेठची तसबीर खाली पडते, ती कृत्तिकेला सापडते. बायकोच्या हातात परपुरुषाची तसबीर बघून फाल्गुनरावांचं डोकं फिरतं. पुढे तीच तसबीर फाल्गुनरावांच्या हातात अश्विनशेठला दिसते आणि त्याला वाटतं, रेवतीनेच ती यांना देऊन टाकली. झालं! प्रत्येकाने डोळ्यांनी पाहिलेलं खरं, आणि त्यातून काढलेला अर्थ मात्र साफ खोटा.

रेडिओसमोर टेपरेकॉर्डर

बाबा गिरणीत कामाला होते, साच्यांवर. त्यांना नाटकाचं भारी वेड. परळच्या दामोदर नाट्यगृहात कामगारांच्या नाटकाला ते पडदा ओढायचे आणि त्याचा त्यांना कोण अभिमान! (ते नाट्यगृहही २०२३ मध्ये पुनर्विकासासाठी बंद झालं.) १९८१ साली रेडिओवर ‘संशयकल्लोळ’ लागणार असल्याचं कळलं, तेव्हा माझा मामा मस्कतहून सुट्टीवर आला होता. त्याने टेपरेकॉर्डर आणलेला. रेडिओ आमचा, मर्फीचा. दोन्ही यंत्रं तारेने जोडायचं ज्ञान चाळीत कुणालाच नव्हतं. मग रेडिओसमोर स्टुलावर टेपरेकॉर्डर ठेवला आणि बाबांनी सगळ्यांना दम भरला, “कुणी शिंकायचंसुद्धा नाही.”

पण चाळीत गप्प कोण बसणार? त्यामुळे त्या कॅसेटमध्ये नाटकाबरोबर आमचं अख्खं घर उतरलं. कृत्तिकेच्या फणकाऱ्यात कुकरची शिट्टी आहे. एका पदाच्या ऐन तानेत रात्रपाळीचा भोंगा आहे. कॅसेटची बाजू पालटायला लागली तेवढ्या वेळात एक पद अर्धं गेलं. आणि गाणाऱ्यांची नावं सांगितली ती बाबांनी बटण दाबायच्या आधीच.

मामा परत जाताना टेपरेकॉर्डर आईकडे ठेवून गेला. दर रविवारी ती कॅसेट लागायची. फाल्गुनराव बायकोवर डाफरू लागले की बाबा मांडीवर थाप मारून हसायचे. “काय येडा माणूस आहे!” म्हणायचे.

संपाचं वर्ष

१८ जानेवारी १९८२. ही तारीख गिरणगावातल्या कुठल्याही घराला विचारा. दत्ता सामंतांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले. मी तेव्हा सहा वर्षांची होते. आधी वाटलं महिन्याभराचा प्रश्न आहे. मग होळी गेली, पाऊस आला. आईने गिरगावातल्या एका खानावळीत पोळ्या लाटायचं काम धरलं. सकाळी अकराला जायची ती रात्री नऊला यायची. बाबा घरी. भात त्यांनी लावायचा, आमच्या वेण्या त्यांनी घालायच्या.

आणि मग आमच्या घरात फाल्गुनराव आले.

सुरुवात कशाने झाली, आईला आजही नक्की सांगता येत नाही. “एवढा उशीर का?” हे आधी काळजीने विचारलं जायचं, मग त्यातली काळजी गेली आणि प्रश्न तेवढा राहिला. गॅलरीत उभी राहणारी मंडळी तेल ओतायला होतीच. एके दिवशी बाबांना आईच्या पर्समध्ये फोटो सापडला. तरुण माणूस, भांग पाडलेला, छान शर्ट. बाबांनी दाराशी उभं राहून, सगळ्या मजल्याला ऐकू जाईल अशा आवाजात आईला एक शब्द वापरला. तो मी इथे लिहिणार नाही. मला त्याचा अर्थ तेव्हा कळला नव्हता. पण आईचा चेहरा कळला होता.

तीन दिवस घरात कुणी कुणाशी बोललं नाही. तिसऱ्या रात्री आई आली, हातपाय धुतले, आम्हाला वाढलं आणि टेपरेकॉर्डर पुढ्यात ओढून तिने कॅसेट लावली. आवाज मोठा. नेहमीप्रमाणे शेजारच्या काकू आल्या, वरच्या मजल्यावरचे दोघं तिघं उंबऱ्यात टेकले. तसबिरीचा प्रवेश आला. सगळे खो खो हसायला लागले. आईने शांतपणे पर्स उघडली आणि तो फोटो बाबांच्या समोर ठेवला.

“ही घ्या तसबीर. धाकटीसाठी स्थळ आलंय, खानावळीच्या बाईंच्या नात्यातलं. मागे नाव-गाव लिहिलंय, वाचा. घरात पैसा नाही, त्यात लग्नाचा विषय कसा काढू म्हणून बोलले नव्हते.”

चार माणसांत अपमान झाला होता, चार माणसांतच तिने उत्तर दिलं. कॅसेट चालूच होती. बाबा उठून गॅलरीत गेले.

दुसऱ्या दिवशी रात्री आई खानावळीतून बाहेर पडली, तर बाबा समोरच्या फुटपाथवर उभे. बसला पैसे नकोत म्हणून लालबागहून गिरगावपर्यंत चालत आले होते. काही बोलले नाहीत. तिच्या हातातली पिशवी घेतली आणि दोघं चालत घरी आली. त्यानंतर कितीतरी दिवस ते असेच घ्यायला जायचे.

फोटोतला माणूस म्हणजे आज माझ्या मावशीचे यजमान. आता केस उरलेले नाहीत. त्यांना ‘तसबीर’ म्हणून चिडवलं की ते मनापासून हसतात.

एका कॅसेटने माणूस बदलला, असं मात्र मी म्हणणार नाही. बाबांना खरा राग होता तो रिकाम्या हातांचा. त्यांना गिरणी परत मिळाली नाहीच, पुढे वॉचमनची नोकरी मिळाली. तेव्हा कुठे घरातली हवा निवळली.

खोताच्या वाडीतला तुर्क

लग्न होऊन मी गिरगावात आले. गेली काही वर्षं आम्ही चार जणी मिळून ज्येष्ठ महिलांसाठी गुरुवारची दुपार चालवतो. गप्पा, व्यायाम, कुणाची औषधं आणून दे, कुणाचा बँकेचा फॉर्म भरून दे. तिथे खोताच्या वाडीतल्या एक आंटी येतात. निवृत्त शिक्षिका, मराठी आपल्याइतकंच झकास. मी त्यांना माझ्या कॅसेटींबद्दल सांगितलं तर म्हणाल्या, “तुझा फाल्गुनराव माझ्याकडे पण आहे. इटालियन बोलतो.”

त्यांच्या लाकडी जिन्याच्या घरात, कपाटात, एलपी रेकॉर्डचा एक संच होता. रोसिनी या इटालियन संगीतकाराचा विनोदी ऑपेरा, ‘इल तुर्को इन इतालिया’, म्हणजे ‘इटलीतला तुर्क’. ऑपेरा म्हणजे काय, तर आपलं संगीत नाटकच, फक्त त्यात जवळजवळ सगळं गाऊनच बोलायचं. त्या काळच्या गाण्याला ‘बेल कांतो’ म्हणतात, अर्थ साधा, ‘सुंदर गाणं’. दमसास मोठा, आवाज मोकळा आणि अवघड ताना हसत हसत घ्यायच्या. बालगंधर्वांचं गाणं ज्यांच्या कानात आहे त्यांना हे वेगळं समजवायला नको.

हा ऑपेरा १८१४ साली मिलान शहरात पहिल्यांदा झाला आणि पुढे फार मोठा काळ विस्मरणात गेला. १९५० साली रोममध्ये तो पुन्हा उभा राहिला तो मारिया कॅलास या जगप्रसिद्ध गायिकेला घेऊन. १९५४ मध्ये तिच्याच आवाजात त्याचं ध्वनिमुद्रण झालं. जो खेळ कुठे फारसा होत नव्हता, तो त्या रेकॉर्डमुळे जगभर घराघरांत गेला. आणि एक प्रत चक्क खोताच्या वाडीत आली.

गोष्ट काय? फिओरिल्ला नावाची नखरेल बायको, जेरोनिओ नावाचा तिचा वयस्कर संशयी नवरा आणि पाहुणा आलेला तुर्की सरदार सेलीम. एका प्रसंगात मुखवट्यांचा नाच असतो, सारखे पोशाख करून मंडळी येतात आणि जेरोनिओला स्वतःची बायको कोणती तेच ओळखता येत नाही. शिवाय एक कवी आहे. त्याला नाटकासाठी विषय हवा असतो, म्हणून तो या सगळ्यांची भांडणं मिटक्या मारत बघत असतो. मला तो आमच्या गॅलरीतल्या मंडळींच्या जातीचा वाटला.

पण शेवटाकडे हसू थांबतं. नवरा बायकोला काडीमोडाचं पत्र पाठवतो. पत्र खोटं असतं, तिला धडा शिकवायला धाडलेलं, पण तिला ते माहीत नसतं. ती अंगावरचे दागिने उतरवते, माहेरी परत जायचं म्हणून रडते. आंटी म्हणाल्या, “बघ, नवऱ्याने संशय घेतला तर विनोद होतो. पण घर सोडायची पाळी कुणावर येते? तिच्यावरच.”

मी घरी आले ती हेच डोक्यात घेऊन. आपल्या ‘संशयकल्लोळ’मध्येही तसंच नाही का? कृत्तिका नवऱ्यावर संशय घेते, नवरा तिच्यावर घेतो, बरोबरीचा सामना होतो म्हणून आपण हसतो. पण रेवती नायकिणीच्या घरची. तिला प्रतिष्ठेचा संसार हवाय. अश्विनशेठचा संशय जर कायम राहिला असता, तर तिला परत जायला एकच दार उरलं होतं. देवलांनी ते दार तिच्यावर उघडू दिलं नाही, हा त्यांचा मोठेपणा.

हसू कुठे थांबतं

लालबागमध्ये आम्ही शनिवारी कौटुंबिक सल्ल्यासाठी बसतो. तिथे तसबिरीची जागा आता मोबाइलने घेतली आहे. ‘हा फोटो कुणाचा’, ‘रात्री अकराला ऑनलाइन कशाला’, ‘पासवर्ड का बदललास’. मध्यंतरी एक तरुण जोडपं आलं होतं. ऑफिसच्या सहलीचा फोटो. बाकीची दहा माणसं कुणीतरी कापून काढली आणि ती व एक सहकारी, एवढेच उरले. कापलेला फोटो नवऱ्यापर्यंत पोचला. अगदी ‘संशयकल्लोळ’! पूर्ण फोटो समोर ठेवला की गैरसमज मिटेल, असं मला वाटलं होतं. पण बोलता बोलता तिने बाही वर केली आणि दंडावरचे वळ दाखवले.

तिथे नाटक संपलं. संशयाचा विनोद होतो तो दोघांनाही बोलायला सारखी जागा असते तेव्हाच. एकाचा हात उठला की ते प्रहसन राहत नाही. त्या मुलीला आम्ही ‘समजून घे’ म्हटलं नाही, संरक्षण अधिकाऱ्यांकडे नेलं. २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा मारहाणीपुरता नाही, सततचे घालूनपाडून बोलणं, चारित्र्यावर शिंतोडे उडवणं हेसुद्धा त्यात येतं. महिलांसाठीची हेल्पलाइन १८१ आहे. फोनमध्ये नोंदवून ठेवा, स्वतःसाठी नाही तर शेजारणीसाठी.

आवाज जपायचे कसे

आता त्या डब्याकडे परत येते. जुन्या संगीत नाटकांच्या ध्वनिमुद्रणात एक गंमत आहे. पूर्वीच्या ७८ फेऱ्यांच्या रेकॉर्ड लाखेपासून बनायच्या, आपल्या लाखेच्या बांगड्यांची असते तीच लाख. एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावायची. रंगमंचावर वन्समोअर घेत रंगलेलं पद एवढ्याशा वेळात बसवावं लागे. त्यामुळे पदं उरली, पण संवाद, टपल्या, भादव्याच्या खोड्या वाऱ्यावर गेल्या. विनोदी नाटकाचं नुकसान त्यात जास्त. जयराम आणि जयमालाबाई शिलेदार, त्यांची मुलगी कीर्तीताई यांनी आयुष्यभर ही नाटकं जिवंत ठेवली. अलीकडे प्रशांत दामले आणि राहुल देशपांडे यांनीही ‘संशयकल्लोळ’ रंगमंचावर आणलं. तरी तुमच्या-माझ्या गावात अख्खा प्रयोग लागणं कठीणच. म्हणून कुणाच्या तरी माळ्यावर पडलेली अख्ख्या नाटकाची कॅसेट ही साधी वस्तू नव्हे.

तुमच्याकडेही असतील. आजीच्या ओव्या, वडिलांचं भजन, रेडिओवरचं नाटक. त्या आधी कोरड्या जागी, उभ्या ठेवा. स्पीकरजवळ नको, त्यातल्या चुंबकाने आवाज पुसला जातो. कॅसेटच्या वरच्या कडेला दोन बारीक प्लास्टिकचे तुकडे असतात, ते मोडून टाका, म्हणजे चुकून वर दुसरं काही टेप होणार नाही. पांढरी बुरशी दिसली तर वाजवायची घाई करू नका, माहीतगाराला दाखवा. चालू टेपरेकॉर्डर मिळाला तर त्याच्या हेडफोनच्या भोकातून तार काढून कॉम्प्युटरला जोडता येते. आवाज उतरवून घ्यायचं ‘ऑडॅसिटी’ नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, कॉलेजातली कुठलीही पोरं एका दुपारी करून देतील. दोन प्रती दोन ठिकाणी ठेवा. आणि कोण, कुठे, केव्हा, हे लिहून ठेवा. आमच्या बाबांनी साल लिहिलं म्हणून किती बरं झालं!

माझ्या मुलीने दोन्ही कॅसेटी अशाच उतरवून घेतल्या. एका संध्याकाळी फोन घेऊन मी आईकडे गेले. बाबांना जाऊन बारा वर्षं झाली. आई सत्तरीच्या पुढची, कानाला यंत्र. फोन तिच्या कानाजवळ धरला. कुकरची शिट्टी वाजली तेव्हा ती हसली. भोंगा वाजला तेव्हा सवयीने घड्याळाकडे बघितलं.

मग तसबिरीचा प्रवेश आला आणि फाल्गुनरावांच्या आवाजामागून बाबांचं हसणं आलं. मोठ्ठं, मांडीवर थाप मारून. ते तिथे आहे हे मी विसरूनच गेले होते.

मी विचारलं, “आई, त्या दिवशीचं त्यांचं बोलणं विसरलीस का गं?”

“नाही,” ती म्हणाली. “घ्यायला चालत आले तेही विसरले नाही, आणि ते बोलणंही नाही. दोन्ही आहे.”

थोडा वेळ ती ऐकत राहिली. मग म्हणाली, “हे हसणं संपाच्या आधीचं आहे. नंतर असे नाही हसले कधी. जरा मागे घे. पुन्हा लाव.”